तेराव्यानंतरचा चौदावा दिवस

ठाकुर्ली हे धिम्या गाडीचे स्थानक. एके काळी चोळे गावातील वीजघर आणि रेल्वेच्या वसाहती एवढीच या परिसराची ओळख होती. आता चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि गावाचे उपनगर झाले. येथून पहाटे मुंबईकडे निघणाऱ्या गाडीत दोन प्रकारचे प्रवासी दिसतात. पहिला प्रवासी कामावर जाणारा. दुसऱ्याच्या हातात तपासण्यांच्या अहवालांनी भरलेली पिशवी असते, शेजारी कृश झालेले माणूस बसलेले असते आणि दोघांना परळला उतरायचे असते. रुग्णाची विचारपूस गाडीतील अनोळखी माणूसही करतो, त्याला बसायला जागा देतो. पिशवी धरणाऱ्या हाताची विचारपूस मात्र सहसा कोणी करत नाही. आजचा विषय त्या हाताचा आहे.

गंभीर आजार घरात शिरला की घराचे दोन भाग पडतात. एक खाटेवरचा आणि दुसरा खाटेभोवतीचा. औषध, शस्त्रक्रिया, विमा, खर्च यांची सारी व्यवस्था पहिल्या भागासाठी असते. दुसऱ्या भागाला जागरणे, कर्ज, भीती आणि शेवटी शोक एवढेच मिळते. या दुसऱ्या भागाला आधार द्यायचा कोणी, कधी आणि किती दिवस, हा प्रश्न समाजाने स्वतःला विचारणे अगत्याचे झाले आहे.

आजार एकाचा, दुखणे घराचे

आधुनिक वैद्यकाने या प्रश्नाची गंभीर दखल घेतली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सिसिली साँडर्स या इंग्लंडमधील बाई प्रथम परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. १९४८ साली डेव्हिड तास्मा नावाचा एक पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगाने लंडनमध्ये अखेरचे दिवस मोजत होता. परक्या देशात त्याचे जवळचे असे कोणी नव्हते. साँडर्स त्याच्याजवळ बसत, बोलत, ऐकत. जाताना त्याने आपले पाचशे पौंड त्यांच्या भावी कार्यासाठी ठेवले. त्या कार्याची वास्तू, म्हणजे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, १९६७ साली उभी राहिली. बरे न होणाऱ्या रुग्णाची अखेरपर्यंत शुश्रूषा करण्याच्या आधुनिक चळवळीचा तो आरंभ मानला जातो.

साँडर्स यांनी मांडलेला विचार साधा आहे. मरणासन्न माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. तिला मनाची, नात्यांची, पैशाची आणि आयुष्याच्या अर्थाची बाजू असते. मुलीचे लग्न राहिले, भावाशी अबोला राहिला, घराचे हप्ते राहिले, या गोष्टीही दुखतात आणि वेदनाशामक गोळीने त्या थांबत नाहीत. म्हणूनच उपशामक शुश्रूषेची जी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केली, तिच्यात आजारपणाच्या काळात कुटुंबाला दिलेला आधार आणि मृत्यूनंतर शोककाळात दिलेला आधार या दोहोंचा स्पष्ट समावेश आहे. रुग्ण गेला म्हणजे शुश्रूषा संपली, असे ही व्याख्या मानत नाही.

आपल्याकडे या विचाराचे पहिले मूर्त रूप मुंबईतच दिसले. कर्करोग शल्यविशारद डॉ. लुईस जोझे डिसोझा यांनी १९८६ साली वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू केले. भारतातील हे पहिले हॉस्पिस. उपचारांनी हात टेकलेल्या कर्करोगग्रस्तांना तेथे धर्म, जात, ऐपत न विचारता ठेवून घेतले जाते. सेवेची पणती कोणत्या घरात लागली हे न पाहता तिच्या उजेडाला नमस्कार करणे ही या भूमीची रीत आहे.

न सांगितलेले सत्य

आधार देण्यातील पहिली अडचण घरातच असते. ‘आजोबांना काही सांगू नका’ हे वाक्य डॉक्टरांच्या खोलीबाहेर रोज उच्चारले जाते. त्यामागे प्रेमच असते. पण परिणाम असा होतो की, आजोबांना शरीर सांगते आणि घरच्यांना अहवाल सांगतो. दोघांनाही सारे ठाऊक असते आणि दोघेही एकमेकांसमोर हसून वेळ निभावतात. ज्या महिन्यांत निरवानिरव व्हायची, जुने गैरसमज मिटायचे, ‘तुझे फार केलेस’ असे म्हणायचे, ते महिने खोट्या उत्साहात निघून जातात. पुढे वर्षानुवर्षे सलते ती हीच न झालेली गोष्ट.

महाभारताला हे ठाऊक होते. युद्ध संपल्यावर गंगेच्या काठी मृतांना जलांजली देताना कुंती सांगते की, कर्ण हा तिचाच ज्येष्ठ पुत्र. युधिष्ठिराचा शोक त्या क्षणी अनावर होतो. भाऊ गेल्याचे दुःख आहेच, पण तो भाऊ होता हे वेळेत कळले नाही, याचा दाह त्याहून मोठा ठरतो.

याचा अर्थ रुग्णाला धाडकन सारे सांगून टाकावे असा नव्हे. मार्ग मधला आहे. ‘तुम्हाला आजाराविषयी किती जाणून घ्यायला आवडेल?’ असे त्यालाच विचारावे आणि त्याने दार जेवढे उघडले तेवढेच आत जावे. काही माणसे सारे ऐकू इच्छितात, काही ‘मुलाला विचारा’ म्हणून मोकळी होतात. दोन्ही उत्तरे मान्य करावीत.

अखेरच्या उपचारांविषयीही हेच लागू पडते. कृत्रिम श्वासोच्छ्वास किती दिवस चालू ठेवायचा, हा निर्णय अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला घ्यावा लागतो आणि त्या निर्णयाची टोचणी त्याला जन्मभर छळते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने, अशा प्रसंगी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर असे इच्छापत्र करता येते. धडधाकट असताना केलेला तो कागद म्हणजे मुलांच्या खांद्यावरून उतरवलेले ओझे होय.

आधी स्त्रीपर्व, मग शांतिपर्व

दुसरी अडचण आपल्या सांत्वनाच्या भाषेत आहे. शोकाकुल घरात पाऊल टाकताच ‘धीर धरा’, ‘मुलांसाठी तरी रडू नका’, ‘सुटला बिचारा’, ‘आत्मा अमर आहे’ अशी वाक्ये बाहेर पडतात. त्यात अधूनमधून ‘आधी दाखवायला हवे होते’ ही सुरीही असते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, परंतु ऐकणाऱ्याला एवढाच अर्थ पोहोचतो की, येथे रडण्याची मुभा नाही.

गीतेचा आधार घेऊन शोक आवरायला सांगणाऱ्यांनी गीतेचा क्रम पाहावा. पहिला अध्याय अर्जुनविषादयोग आहे. अर्जुनाचे हात थरथरतात, तोंड कोरडे पडते, धनुष्य गळून पडते. तो बोलत राहतो आणि तो सारा अध्याय भगवान त्याचे ऐकून घेतात. उपदेश येतो तो दुसऱ्या अध्यायात. परंपरेने त्या विषादालाही ‘योग’ म्हटले आहे. महाभारताची रचनाही हेच सांगते. युद्धानंतर लगेच शांतिपर्व येत नाही. त्याआधी स्त्रीपर्व आहे. गांधारी, कुंती आणि इतर स्त्रिया रणभूमीवर फिरतात, आपापली माणसे शोधतात आणि मोकळेपणी आक्रोश करतात. व्यासांनी त्या आक्रोशासाठी एक संपूर्ण पर्व राखून ठेवले. विलापाला जागा मिळाल्यावरच शांतीला जागा होते, हा क्रम आपण उलटा करून बसलो आहोत.

चौदावा दिवस

आपल्या रीतिरिवाजांत शोकाची मोठी समज आहे. सुतकाच्या घरात चूल पेटत नसे, तेव्हा शेजारून पिठले-भात येई. दहाव्याला नदीकाठी आप्तेष्ट जमत, कावळा शिवेपर्यंत ताटकळत उभे राहत आणि त्या वेळात गेलेल्याच्या राहिलेल्या इच्छांविषयी बोलणे होई. तेराव्याला गोड जेवण करून घराला पुन्हा जनात आणले जाई. मासिक श्राद्धे आणि वर्षश्राद्ध यांमुळे वर्षभर कोणी ना कोणी येत राही. यातील श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण शोकग्रस्ताला एकटे पडू द्यायचे नाही, ही त्यामागची सामाजिक योजना निर्विवाद आहे.

आता काय घडते? एक घर डोळ्यांसमोर आणावे. दोन खोल्यांची सदनिका. दीड वर्षाच्या आजारपणानंतर घरातील कर्ता पुरुष गेला. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले होते. तेरावे झाले, नणंद पुण्याला गेली, भाऊ कोकणात परतला, मुलाने कामावर जायला सुरुवात केली. भाड्याने आणलेली रुग्णखाट परत गेली, पण फरशीवर तिच्या चार पायांचे ठसे राहिले. सकाळी सहाच्या औषधासाठी लावलेला मोबाइलचा गजर अजून वाजतो. ज्या बाईला दीड वर्ष श्वास घ्यायला उसंत नव्हती, तिच्यापुढे अख्खा दिवस मोकळा पसरलेला आहे. हा चौदावा दिवस. चाळीत दार उघडे असे आणि ‘वहिनी, चहा टाकलाय, येता का?’ अशी हाक येई. इमारतीतील दार बंद असते आणि शेजारी त्रास नको म्हणून बेल वाजवत नाहीत. सभ्यतेचा असा एक प्रकार आहे, जो माणसाला एकाकी करतो.

शोकाविषयी आजचे ज्ञान

शोकाविषयी काही गैरसमजही रूढ आहेत. एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ साली सांगितलेल्या पाच अवस्था अनेकांना पाठ असतात : नकार, संताप, सौदा, नैराश्य आणि स्वीकार. या अवस्था त्यांनी मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांतून मांडल्या होत्या. मागे राहिलेल्यांचा शोक त्या पायऱ्यांनी क्रमाने जातो, असे मानण्याचे कारण नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधील अभ्यासकांनी १९९९ साली अधिक पटणारे चित्र मांडले. माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. एका काठावर गेलेल्याची आठवण आणि अश्रू, दुसऱ्या काठावर गॅसचे बिल, मुलाची फी, बँकेतील वारसाची नोंद. सकाळी रडणारी बाई दुपारी शेजारणीशी हसली म्हणून तिचे दुःख उथळ ठरत नाही. ही ये-जाच तिला सावरत असते.

पूर्वी पाश्चात्त्य मानसशास्त्रात गेलेल्याशी नाते तोडून पुढे जाण्यावर भर असे. १९९६ च्या सुमारास काही अभ्यासकांनी या मताला आव्हान दिले आणि नाते नव्या स्वरूपात चालू ठेवणे हेही निरोगी असते, असे मांडले. पितृपक्षात आजीच्या आवडीची भाजी आठवणीने करणाऱ्या समाजाला हे नव्याने शिकण्याची गरज नाही.

मात्र परंपरा आणि शेजार यांच्या आवाक्याबाहेर जाणारा शोकही असतो, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घ शोकविकाराची नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला, समाजाच्या रूढ मर्यादेपलीकडे शोक तसाच तीव्र राहिला आणि नित्य व्यवहार ठप्प झाले, तर ती मनाची दुर्बलता नसून उपचार घेण्याजोगी अवस्था आहे. जगणे नकोसे झाल्याचे बोलणे कानावर आले, तर एक दिवसही थांबू नये. भारत सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, मराठीतूनही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेली मानसिक आरोग्य संस्था, आय.पी.एच., या परिसरापासून दूर नाही.

शोकातून उभी राहिलेली कामे

ठाकुर्लीच्या पुढचे स्थानक कल्याण. तेथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि अवघ्या दहा दिवसांत त्यांचे बाळ गेले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, ही खंत त्यांना अमेरिकेपर्यंत घेऊन गेली. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, क्षयाने गेल्या. हा इतिहास सर्वांना ठाऊक असतो. त्यातील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. प्रत्यक्ष भेट होण्यापूर्वी केवळ पत्रांतून त्यांनी या दूरदेशीच्या मुलीला माया दिली, अमेरिकेत आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मृत्यूनंतर आनंदीबाईंच्या अस्थी त्यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या जतन झाल्या. आधार द्यायला रक्ताचे नाते लागत नाही, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

ज्या परळच्या दिशेने ती पहाटेची गाडी जाते, तेथील टाटा रुग्णालयामागेही एक वियोग आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पती सर दोराबजी यांनी दुसऱ्याच वर्षी पत्नीच्या स्मरणार्थ या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापला आणि त्याच वर्षी तेही गेले. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच रुग्णालयात २०१२ साली उपशामक वैद्यकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. जवळच, १९६८ साली नाना पालकर यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या समितीचे रुग्णसेवा सदन आहे. बाहेरगावच्या रुग्णाची आणि त्याच्या नातलगाची तेथे राहण्याची सोय होते. रुग्णाइतकाच नातलगालाही निवारा हवा, हे ज्यांनी ओळखले त्यांनी आजच्या विषयाचे मर्म ओळखले.

केरळचा धडा

मोठ्या संस्था मोठ्या शहरांत असतात. ठाकुर्लीच्या तिसऱ्या मजल्यावरील घरापर्यंत कोण पोहोचणार? याचे उत्तर केरळने दिले आहे. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. लवकरच त्यांना उमगले की, रुग्ण दवाखान्यात असतो थोडा वेळ. उरलेला सारा काळ तो घरी असतो. तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांनाच तयार केले. शिक्षक, दुकानदार, रिक्षाचालक, गृहिणी आठवड्यातून दोन तास द्यायला पुढे आले. त्यांना ऐकावे कसे, बोलावे काय, स्वच्छता कशी राखावी, परिचारिकेला कधी बोलवावे, हे शिकवले गेले. वैद्यकीय काम डॉक्टर-परिचारिकांकडे आणि माणुसकीचे काम शेजाऱ्यांकडे, अशी ही वाटणी मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावोगाव रुजली. २००८ साली केरळ सरकारने त्यावर आधारित धोरण आखले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना या कामात गुंतवले. केंद्र सरकारचा उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा आहे. तरीही सरकारी कार्यक्रम दारापर्यंत येतो आणि दाराच्या आत शेजारीच जाऊ शकतो.

येथे काय करता येईल?

गणेशोत्सवाचा मंडप दोन दिवसांत उभा करणाऱ्या, पुराच्या वेळी होडी आणि शिधा घेऊन धावणाऱ्या समाजाला मनुष्यबळाची वाण नाही. सवय नाही ती संथ सेवेची. पूर ओसरतो, आजारपण आणि शोक ओसरायला वर्ष लागते. त्यासाठी प्रत्येक गृहसंकुलात पाच जणांचा गट पुरेसा आहे. त्यात निवृत्त रेल्वे कर्मचारी असावेत, एखादी शिक्षिका, एखादा महाविद्यालयीन तरुण. या गटाने चार कामे करावीत.

पहिले काम आजारपण सुरू असताना. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नये, कारण कोणी सांगत नाही. ‘मंगळवारी केमोच्या वेळी बरोबर येतो’, ‘गुरुवारी दुपारी दोन तास बसतो, तेवढ्यात तुम्ही झोपून घ्या’ असे नेमके बोलावे.

दुसरे काम ऐकण्याचे. गेलेल्या माणसाचे नाव घ्यायला बिचकू नये. नाव घेतल्याने दुःख आठवते हा भ्रम आहे. ते विसरलेले नसतेच. घरातील पुरुषाला आवर्जून विचारावे, कारण तो रडत नाही म्हणून त्याला कोणी विचारत नाही. लहान मुलाला ‘बाबा गावाला गेले’ असे सांगू नये. ते वाट पाहत राहते आणि पुढे मोठ्यांवरचा विश्वास गमावते. त्याला त्याच्या भाषेत खरे सांगावे आणि त्याच्या प्रश्नांसाठी थांबावे.

तिसरे काम कागदपत्रांचे. मृत्यूचा दाखला, निवृत्तिवेतन, बँक, विमा, शिधापत्रिका, सोसायटीतील भागपत्र यांसाठी रांगेत सोबत उभे राहणारा माणूस हा अनेकदा सर्वांत मोठा सांत्वनकर्ता ठरतो.

चौथे काम दिनदर्शिकेचे. चौदावा दिवस, पहिला महिना, पहिली गौरी-गणपतीची वेळ, पहिली दिवाळी, गेलेल्याचा वाढदिवस आणि वर्षश्राद्धाच्या आधीचा आठवडा या तारखा कोणीतरी वहीत लिहून ठेवायच्या आणि त्या दिवशी त्या घरी जायचे. जाताना डब्यात काही न्यावे, अर्धा तास बसावे आणि उपदेश न करता परत यावे.

या गटातील माणसेही थकतील, हे आधीच गृहीत धरावे. महिन्यातून एकदा त्यांनी एकत्र बसावे, मनावरचे एकमेकांना सांगावे. मात्र घरातील गोष्ट घराबाहेर जाणार नाही, ही शपथ सर्वांत आधी घ्यावी. तो विश्वास मोडला, तर पुन्हा ते दार उघडत नाही.

सज्जनहो, मृत्यू टाळणे कोणाच्या हाती नाही. पुष्कळ आजारांत तो लांबवणेही हाती नसते. पण पहाटेच्या गाडीतील ती अहवालांची पिशवी थोडा वेळ आपल्या हाती घेणे प्रत्येकाला शक्य आहे. त्या घरातून पिशवीचे काम संपेल, माणसे पांगतील, आणि सकाळी सहाला मोबाइलचा गजर निष्कारण वाजेल. त्या दिवशी, दहा वाजण्याच्या सुमारास, त्या दाराची बेलही वाजली पाहिजे.